फॅशन डिझायनरच्या कामाचं प्रदर्शन पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या डिझायनरच्या कामाचं प्रदर्शन संग्रहालयात लागलं की तेच ते प्रश्न पुन्हापुन्हा येतात. तिकीट कधी काढायचं इथपासून ते हा ड्रेस खरंच त्यांनीच शिवला का इथपर्यंत. इथे ते सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. एक विषय दोन ठिकाणी आला असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मला फॅशनमधलं काहीच कळत नाही. तरी जावं का?

जरूर जावं. हातात ब्रश धरून चित्र रंगवलेली माणसं थोडी, पण कपडे सगळेच रोज अंगावर चढवतात. मुंढा आवळला की हात वर जात नाही, अस्तर नसलं की कापड अंगाला चिकटतं, जड घेर चालताना पायात येतो, हे कुणी शिकवावं लागत नाही. एवढं भांडवल पुरेसं आहे. नावं आणि साल फलकांवर लिहिलेली असतात. जाण्याआधी काही करायचंच असेल तर त्या डिझायनरच्या एखाद्या फॅशन शोचं चित्रण पाहून घ्या. संग्रहालयात कपड्याची हालचाल हमखास हरवते. चालत्या अंगावर तो कसा दिसत होता हे डोळ्यांपुढे असेल, तर स्थिर पुतळ्यावरचा पोशाखही जास्त बोलका वाटतो.

२. तिकीट आधी काढावं लागतं का? की संग्रहालयाच्या तिकिटातच सगळं येतं?

प्रत्येक संग्रहालयाची पद्धत वेगळी असते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात (पुढे ‘व्ही अँड ए’) एरवीचा प्रवेश मोफत आहे, पण मोठ्या प्रदर्शनांना वेगळं तिकीट लागतं आणि त्यावर वेळ छापलेली असते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात (पुढे ‘मेट’) फॅशनचं प्रदर्शन सहसा प्रवेशाच्या तिकिटातच धरलेलं असतं. त्याच शहरातल्या फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संग्रहालयाला तिकीटच नाही.

ही प्रदर्शनं किती गर्दी खेचतात याचा बाहेरून अंदाज येत नाही. अलेक्झांडर मॅक्वीन यांच्या कामाचं ‘सॅव्हेज ब्यूटी’ हे प्रदर्शन २०११ साली मेटमध्ये साडेसहा लाखांहून अधिक लोकांनी पाहिलं. तेच २०१५ साली व्ही अँड एमध्ये गेलं, तेव्हा शेवटचे दोन शनिवार-रविवार संग्रहालय रात्रभर उघडं ठेवावं लागलं. म्हणून शेवटच्या आठवड्यांवर विसंबू नका. सुरुवातीची गर्दी ओसरल्यावर, आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळची पहिली वेळ मिळाली तर उत्तम.

३. किती वेळ हाताशी ठेवावा?

दोन तास. पहिल्या दालनात सगळे प्रत्येक फलक अथपासून इतिपर्यंत वाचतात आणि शेवटच्या दालनातून पाय ओढत बाहेर पडतात. मी उलटं सुचवेन. आधी न थांबता सगळं एकदा फिरून या, मग मागे जाऊन मनात राहिलेल्या पाच-सहा पोशाखांसमोर वेळ काढा. मात्र काही ठिकाणी एकाच दिशेने पुढे जावं लागतं, आणि एकदा बाहेर पडलं की परत आत घेत नाहीत. दारावरच विचारून घ्या. तिकिटावरची वेळ ही आत शिरण्याची असते, आतमध्ये किती वेळ थांबायचं यावर सहसा बंधन नसतं.

४. आत एवढा अंधार का ठेवतात? रंगसुद्धा नीट दिसत नाहीत.

कारण उजेडच कापडाला मारतो. रेशीम, लोकर, सूत आणि त्यांवरचे रंग यांच्यासाठी संग्रहालयं साधारण ५० लक्सची (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) मर्यादा पाळतात. कार्यालयात टेबलावर ३०० ते ५०० लक्स उजेड असतो, यावरून फरक लक्षात येईल. उजेडाने झालेलं नुकसान साठत जातं आणि ते भरून निघत नाही. विटलेला रंग परत आणता येत नाही, पिचलेला धागा पुन्हा बळकट होत नाही. त्यामुळे एखादा पोशाख काही महिने मांडला की पुढची काही वर्षं त्याला अंधारात विश्रांती देतात. मेटमध्ये पोशाखांचा संग्रह तेहेतीस हजारांहून मोठा आहे, तरी तो वर्षानुवर्षं कायमचा मांडून न ठेवता ठरावीक मुदतीच्या प्रदर्शनांतूनच दाखवत आले, त्याचं कारण हेच.

आत शिरल्यावर काही मिनिटं नुसते उभे राहा. डोळे सरावले की काळ्यावरचं काळं भरतकामसुद्धा उलगडू लागतं. मोबाइलचा पडदा मधेमधे पाहिलात, तर ही सवय दर वेळी मोडते.

५. फोटो काढता येतात का?

बहुतेक ठिकाणी स्वतःसाठी, फ्लॅशशिवाय काढता येतात. स्टँड आणि सेल्फी स्टिक चालत नाही. अपवाद असतो तो उसन्या आणलेल्या वस्तूंचा. मालकाने परवानगी दिलेली नसेल तर एकाच दालनात शेजारच्या पोशाखाचा फोटो चालतो आणि या एकाचा नाही. तशी खूण फलकावर असते. फोटो काढायचाच असेल तर पूर्ण पोशाखाचा काढू नका, तो संग्रहालयाच्या संकेतस्थळावर तुमच्यापेक्षा चांगला असतो. बाहीचा जोड, बटणाची पट्टी, खालची दुमड यांचे काढा. ते सहसा कुठेच मिळत नाहीत.

वहीत रेखाटन करण्याला बऱ्याच ठिकाणी मोकळीक असते, पण फक्त पेन्सिलने. शाईचा एक ठिपका कापडावर पडला तर तो निघत नाही.

६. हळूच हात लावला तर काय बिघडतं? कपडा तर आहे!

बोटांवरचा घाम, क्षार आणि तेल कापडात उतरतं आणि पुढे तिथे डाग येतो. तुमचा एकट्याचा हात हलका असेलही, पण मागे लाखो हात येतात. शिवाय वरून धडधाकट दिसणारं कापड आतून खचलेलं असू शकतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला रेशमाला वजन यावं म्हणून त्यावर धातूंच्या क्षारांची प्रक्रिया करत. त्या रेशमाच्या आज आपोआप चिरफाळ्या होतात. ते थांबवण्याचा उपाय नाही, फक्त वेग कमी करता येतो.

स्पर्शाची ओढ मात्र अगदी रास्त आहे, आणि संग्रहालयंही ती आता ओळखतात. अनेक ठिकाणी त्याच प्रतीच्या कापडाचे तुकडे हात लावायला ठेवलेले असतात. मेटने २०२४ सालच्या प्रदर्शनात, पुतळ्यावर चढवण्याइतकाही जीव न उरलेले पोशाख काचेखाली आडवे निजवून दाखवले होते, आणि काही कपड्यांत राहिलेले वास लोकांना हुंगता येतील अशी सोय केली होती.

७. पोशाखासमोर उभं राहून नेमकं पाहायचं काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि उत्तर लांबलं तरी हरकत नाही, कारण प्रदर्शनाला जाण्याचं सार्थक इथेच होतं. रंग आणि नक्षी आपसूक दिसते. ती बघून झाली की कापड अंगावर कशाच्या आधाराने उभं आहे ते शोधा. शिवण कुठे घेतली आहे? टक्स दिसतात का, नसतील तर मग कमरेची गोळाई आली कुठून?

इव्ह सां लोराँ यांचे १९६५ सालचे, चित्रकार मोंद्रियान यांच्या चित्रांवरून केलेले मोंद्रियान ड्रेस घ्या. काळ्या पट्ट्या आणि लाल-निळे-पिवळे चौकोन असलेला तो सरळसोट झगा छापील कापडाचा वाटतो. प्रत्यक्षात प्रत्येक रंगाचा तुकडा वेगळा बेतून जोडलेला आहे, आणि अंगाला हवी ती गोळाई त्या जोडांतच लपवलेली आहे. फोटोत हे कळत नाही, दोन फुटांवरून कळतं.

शनेल यांच्या जाकिटाच्या आत, अस्तराच्या खालच्या कडेला धातूची बारीक साखळी शिवलेली असते. तिच्या वजनाने जाकीट सरळ पडतं, वर चढत नाही. आतली बाजू दाखवणारा आरसा किंवा उघडं ठेवलेलं जाकीट असेल तर साखळी शोधाच. फोर्तुनी यांच्या डेल्फॉस झग्यातही वजनाचीच युक्ती आहे. बारीक चुण्यांचं ते रेशीम इतकं हलकं की कडेच्या शिवणीवर मुरानोच्या काचेचे मणी ओवून त्याला खाली ओढून धरलं आहे. हे झगे पिळून, वेटोळं करून गोल डब्यात ठेवत, म्हणजे चुण्या मोडत नसत.

मादलेन व्हिओने कापड तिरप्या धाग्यावर बेतत. कापड तिरपं धरलं की ते ताणलं जातं आणि टक्सांशिवाय अंगाबरोबर वळतं. त्या आपले नमुने आधी लहानशा लाकडी पुतळीवर रचून पाहत. इस्से मियाके यांनी क्रम उलटा केला. आधी कपडा अंगापेक्षा कितीतरी मोठा बेतून शिवायचा आणि मग कागदात घालून उष्णतेच्या दाबाखाली त्याला चुण्या पाडायच्या. म्हणून त्यांच्या चुण्या शिवणीवरूनही अखंड जातात. तिथे नजर ठेवा.

मागची बाजू जरूर पाहा. बालेन्सियागा यांचं निम्मं काम पाठीत आहे. मानेपासून सुटलेली कॉलर आणि पाठीवर हवेसाठी सोडलेली पोकळी समोरून दिसतच नाही. पुतळा भिंतीला टेकवून मांडला असेल आणि मागे आरसाही नसेल, तर ती मांडणीची उणीव आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आतलं दाखवण्याचे चांगले मार्ग काही प्रदर्शनांनी शोधले आहेत. व्ही अँड एने २०१७ साली बालेन्सियागांच्या पोशाखांचे क्ष-किरण फोटो काढून शेजारी लावले, त्यामुळे आतल्या पट्ट्या आणि वजनं उघडी पडली. मेटने २०१४ साली चार्ल्स जेम्स यांच्या झग्यांभोवती यंत्रहाताला लावलेले कॅमेरे फिरवले आणि पडद्यावर त्या झग्यांची रचना थर सोडवून दाखवली. त्यांचा १९५३ सालचा चौपानी झगा साडेचार किलोच्या आसपास भरतो, तरी घालणारीला नाचता येत असे, कारण वजन खांद्यावर नाही, नितंबांवर तोललेलं आहे.

८. सुंदर ड्रेस सोडून पांढुरके, अर्धवट दिसणारे कपडे का मांडतात?

ते मांजरपाटाचे कच्चे नमुने. महागड्या कापडाला कात्री लावण्याआधी बेत जमतो का, हे स्वस्त सुती कापडावर शिवून पाहतात. पेन्सिलच्या रेघा, टाचण्या, उसवून पुन्हा घातलेले टाके त्यावर तसेच असतात. शक्य तितक्या जवळून पाहा. डिझायनरने कुठे विचार बदलला हे तयार ड्रेसवर दिसत नाही, ते इथे दिसतं.

९. फलकावरची माहिती कशी वाचायची?

पहिल्यांदा हंगाम पाहा: वसंत-उन्हाळा किंवा शरद-हिवाळा, आणि साल. शो बहुधा हंगामाच्या कित्येक महिने आधी होतो, त्यामुळे शोची तारीख आणि फलकावरचं साल जुळलं नाही तर ती चूक नसते. ‘ओत कुत्यूर’ (शब्दशः ‘उच्च शिवणकला’) हा शब्द कुणालाही वापरता येत नाही. फ्रान्समध्ये १९४५ पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे आणि ठरावीक अटी पाळणाऱ्या घराण्यांनाच, म्हणजे फॅशनच्या कंपन्यांनाच, तो मिळतो. त्यात कपडा गिऱ्हाइकाच्या मापाने बेततात. त्याखेरीजचे बहुतेक तयार कपडे.

कापडाची नोंद वाचायला विसरू नका. पुढे येतं वस्तू कुणाच्या मालकीची ते, आणि ते का महत्त्वाचं याचं उत्तर प्रश्न १३ मध्ये आहे.

१०. हे सगळं त्या डिझायनरने स्वतःच्या हाताने शिवलेलं असतं का?

क्वचितच. रेखाटन आणि निर्णय डिझायनरचा, पण बेतणं, शिवणं कार्यशाळेतल्या कारागिरांचं आणि भरतकाम बहुधा वेगळ्याच घराण्याचं. सां लोराँ यांचं १९८८ सालचं, व्हॅन गॉगच्या आयरिसच्या फुलांचं जाकीट प्रसिद्ध आहे. त्यावरच्या टिकल्या-मण्यांचं काम पॅरिसच्या लेसाज घराण्याने केलं, आणि एका जाकिटाला सुमारे ६०० तास लागले असं सांगतात. अशा कारागिरांची नावं फलकावर देणारी प्रदर्शनं अजून थोडी आहेत. जिथे ती दिली आहेत तिथे प्रदर्शन मांडणाऱ्यांनी काम मनापासून केलं आहे, असं खुशाल समजा.

११. डिझायनर वारले, तरी त्यांच्या नावाच्या प्रदर्शनात त्यानंतरचे कपडे कसे?

नाव माणसाचं असतं तसंच घराण्याचंही. ख्रिश्चन डिओर यांनी पहिला संग्रह १२ फेब्रुवारी १९४७ रोजी दाखवला आणि १९५७ साली ते गेले. म्हणजे स्वतःच्या नावाखाली त्यांनी जेमतेम दहा वर्षं काम केलं. त्यानंतर एकवीस वर्षांच्या सां लोराँ यांनी धुरा घेतली, पुढे मार्क बोआन जवळजवळ तीन दशकं होते, जॉन गॅलियानो १९९६ ते २०११. त्यामुळे डिओरच्या प्रदर्शनात निम्म्याहून अधिक काम इतरांचं असू शकतं. प्रत्येक पोशाखाखालचं साल पाहत गेलात तर घोळ होत नाही, उलट एकच जुना आकार प्रत्येकाने कसा फिरवला हे पाहण्यात गंमत येते.

१२. सगळे पुतळे एकसारखे बारीक आणि उंच का?

कारण त्यांच्या अंगावरचे बहुतेक कपडे शोसाठी शिवलेले असतात आणि ते मॉडेलच्या मापाचे असतात. संग्रहालय कपडा पुतळ्यासाठी ढिला किंवा घट्ट करत नाही. उलट पुतळा मुद्दाम थोडा लहान घेतात, आणि कपड्याला ताण न पडता आधार मिळेल असा आतून कापूस-जाळीने भरत नेतात. एकेका पोशाखाला यात दिवस जातात.

गिऱ्हाइकांनी दिलेले पोशाख असतील तर तिथे थांबा. त्यात खरी माणसं दिसतात: ठेंगणी, रुंद कमरेची, एक खांदा उतरता असलेली. डिझायनरने त्या अंगाशी कसं जुळवून घेतलं हे शोच्या नमुन्यात कधीच कळत नाही.

काही पोशाख पुतळ्यावर नसतातच. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातले मण्यांनी भरलेले ड्रेस उभे टांगले तर मण्यांच्या वजनाने तलम कापड खांद्यातून फाटतं, म्हणून ते आडवे ठेवतात.

१३. ज्या एका ड्रेससाठी गेलो तोच नव्हता. असं का होतं?

तीन कारणं संभवतात. प्रदर्शन फिरतं असेल तर प्रत्येक शहरात यादी बदलते, कारण उसनी वस्तू देणारा सगळ्या मुक्कामांना तयार नसतो. प्रदर्शन लांब चालणार असेल तर उजेडापायी (प्रश्न ४) मधेच काही पोशाख बदलतात. आणि काही पोशाख प्रवास सोसण्याच्या पलीकडे गेलेले असतात. फलकावर मालकाचं नाव वाचायला सांगितलं ते याचसाठी. तो ड्रेस एरवी कुठे असतो हे कळलं की तो गाठायचा मार्ग मिळतो.

लंडनमध्ये २०२५ साली उघडलेल्या व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस या भांडारात कुणालाही आधी नोंदणी करून संग्रहातल्या पाच वस्तूंपर्यंत मागवून समोर पाहता येतात. संशोधक असण्याची अट नाही. पोशाख पाहणाऱ्यासाठी यापेक्षा मोठी सोय मला माहीत नाही. सां लोराँ यांच्यासाठी पॅरिस आणि माराकेश, बालेन्सियागांसाठी स्पेनमधलं त्यांचं गाव गेतारिया इथे स्वतंत्र संग्रहालयं आहेत.

१४. डिझायनर हयात असताना भरवलेलं प्रदर्शन म्हणजे जाहिरातच नाही का?

शंका योग्य आहे आणि जुनीही. मेटने १९८३ साली सां लोराँ यांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा हयात डिझायनरला तिथे पहिल्यांदाच असा मान मिळाला, आणि दुकानाचा माल संग्रहालयात आणल्याची टीकाही झाली. पुढचं तसं प्रदर्शन व्हायला २०१७ साल उजाडलं. ते रेई कावाकुबो यांचं होतं. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये २००० साली जॉर्जो अरमानी यांचं प्रदर्शन झालं, तेव्हा त्यांनी संग्रहालयाला मोठी देणगी दिल्याच्या बातम्यांवरून वाद पेटला.

मी दोन गोष्टी पाहते. खर्च कुणी उचलला हे प्रवेशाच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, ते आधी वाचते. मग फसलेले संग्रह, टीका, दुसऱ्यांकडून घेतलेल्या कल्पना यांना आत जागा आहे का ते शोधते. नसेल तरी पोशाख खोटे ठरत नाहीत. फक्त फलकांवरच्या स्तुतीला किती वजन द्यायचं ते ठरतं.

१५. नियम एवढे कडक, मग कपडा झिजावा अशी डिझायनरचीच इच्छा असेल तर?

हा खरोखर अवघड प्रश्न आहे. हुसेन चलायन यांनी १९९३ साली पदवीच्या संग्रहातले कपडे लोखंडाच्या किसासह जमिनीत पुरले आणि गंजलेले बाहेर काढले. मार्टिन मार्जिएला यांनी १९९७ साली रॉटरडॅमच्या बॉयमान्स संग्रहालयात कपड्यांवर जिवाणू, यीस्ट आणि बुरशी वाढवली आणि ते काचेबाहेर उघड्यावर मांडले. बुरशी हीच तिथे नक्षी होती.

अशा वेळी डाग काढणं म्हणजे कलाकृती पुसणं. जतन करणारे मग डिझायनरच्या नोंदी आणि मुलाखती यांचा आधार घेतात, झालेला बदल तसाच राखतात आणि नवा होऊ देत नाहीत. हे मला पटतं. पण घालण्याच्या बाबतीत मात्र सूट नाही. मेरिलिन मन्रो यांचा १९६२ सालचा ड्रेस २०२२ साली एका समारंभात पुन्हा अंगावर घातला गेला, तेव्हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या वेशभूषा समितीने ऐतिहासिक पोशाख कुणीही घालू नयेत असं निवेदन काढलं.

१६. लहान मुलं, व्हीलचेअर, कमी दिसणारी माणसं यांच्यासाठी सोय असते का?

मोठ्या संग्रहालयांत असते, पण न मागता मिळत नाही. ठळक अक्षरांतली माहितीपुस्तिका, घडीचं स्टूल, स्पर्शाने पाहण्याची खास फेरी, कमी आवाजाची शांत वेळ यांची चौकशी आधी करा. मुलांना न्यायचं असेल तर एखाद्या पोशाखात किती तऱ्हेची कापडं आहेत ते मोजायला सांगा. बाबागाडी आणि पाठीवरची पिशवी बहुधा बाहेर ठेवावी लागते.

१७. आमच्या घरात त्या डिझायनरचा जुना कपडा आहे. संग्रहालय घेईल का?

विचारून पाहा. व्ही अँड एने २०१८ साली मेरी क्वांट यांच्या प्रदर्शनाआधी लोकांना कपाटं धुंडाळण्याचं जाहीर आवाहन केलं होतं, आणि आलेल्या कपड्यांसोबत ते घालणाऱ्या स्त्रियांच्या आठवणीही मांडल्या. संग्रहालयाकडे तसाच नमुना आधीच असेल तर नकार येतो, त्यात कपड्याचा कमीपणा नाही.

तोवर काही गोष्टी सांभाळा. धुऊ नका, डाग काढू नका, ड्रायक्लीनिंगची प्लॅस्टिक पिशवी काढून टाका. आम्लरहित कागद घडीत घालून आडवा ठेवा, अधूनमधून कसर लागली नाही ना ते बघा, आणि आतलं लेबल कापू नका. तो कुणी, कधी, कुठे घातला हे एका कागदावर लिहा, घातलेला फोटो असेल तर जोडा. पुष्कळदा संग्रहपालाला कपड्याइतकाच तो कागद हवा असतो.